नव्वद मिलिसेकंदांची वाट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, संगणकाच्या पडद्याकडे आपण रोज पाहतो, पण चित्र तिथवर येतं कसं, हा विचार सहसा मनात येत नाही. तो येतो पडदा काळा पडल्यावर. यंत्र सुरू होतं, छोटा दिवा लागतो, क्वचित आवाजही येतो; चित्र मात्र नाही. ‘डिस्प्ले गेला,’ असं म्हणून आपण मोकळे होतो. कधी कधी पडदा धडधाकट असतो. त्याला कळेल अशा भाषेत कुणी त्याच्याशी बोललेलं नसतं, एवढंच.

हे बोलणं घडवून आणणाऱ्या चिपला ‘ब्रिज चिप’ म्हणतात. पूल हा शब्द चुकीचा नाही, पण मला ‘दुभाषी’ अधिक जवळचा वाटतो. घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी ऐकत वाढलेल्या माणसाला दुभाष्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

एक खरं उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅमसंगने एक स्वस्त क्रोमबुक बाजारात आणलं. त्यातला एक्झिनॉस ५ हा प्रोसेसर चित्र पाठवतो ते डिस्प्लेपोर्ट या पद्धतीने. पडद्याला समजते ती एलव्हीडीएस ही जुनी पद्धत. दोघेही आपापल्या जागी शहाणे, पण एकाचं दुसऱ्याला कळत नाही. म्हणून मध्ये एनएक्सपी कंपनीची पीटीएन ३४६० ही चिप बसवलेली आहे.

तिचं काम किती आहे पाहा. पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, म्हणजे दहा लाखांहून अधिक. ते सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रंगवायचे. शिवाय प्रत्येक ओळ संपली की थोडी विश्रांती आणि पूर्ण चित्र संपलं की जरा मोठी. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत किरणाला ओळीच्या आरंभी परत यायला वेळ लागे, तेव्हापासूनची ही रीत. कवितेत यती चुकला की वृत्त अडखळतं. इथे विश्रांतीचं माप चुकलं तर चित्र सरकतं, फाटतं किंवा उमटतच नाही.

हे माप सांगायचं कुणी? बाहेरचा मॉनिटर केबल जोडताच स्वतःचं ओळखपत्र दाखवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. मूळ ओळखपत्र अवघं १२८ बाइटचं. या क्रोमबुकमध्ये ते काम दुभाष्याकडेच आहे. पीटीएन ३४६० च्या पोटात ० ते ६ क्रमांकांची सात ओळखपत्रं तयार असतात. त्यातलं कोणतं पुढे करायचं, हे तिला बाहेरून सांगावं लागतं. या यंत्रासाठी क्रमांक आहे ५, म्हणजे १३६६ बाय ७६८.

सांगणारा असतो ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधला छोटासा प्रोग्रॅम. त्याच्या हाताशी ‘डिव्हाइस ट्री’ नावाची यादी असते. चिप कोणत्या पत्त्यावर आहे, तिला जागं करणारी तार कोणती, ओळखपत्राचा क्रमांक कोणता, हे सारं त्या यादीत लिहिलेलं असतं. मग क्रम सांभाळायचा. बोलणारा बोलू लागण्याआधी ऐकणारा जागा हवा. चित्र वाहू लागलं की मगच पडद्यामागचा उजेड लावायचा, आणि बंद करताना उजेड सर्वांत आधी मालवायचा. हा क्रम पाळला नाही तर पडद्यावर क्षणभर कचरा उमटतो.

आता मूळ मुद्दा. या चिपमध्ये एक खोड आहे. ती पुरती जागी होण्याआधीच ‘मी तयार आहे’ असा इशारा देते. त्यावर विश्वास ठेवून चित्र पाठवायला जावं, तर पलीकडे अजून कुणी उठलेलंच नाही. लिनक्समधल्या तिच्या ड्रायव्हरवर गूगलच्या नावाची २०१३ ची नोंद आहे. तो लिहिणाऱ्याने उपाय साधा केला. चिपच्या माहितीपुस्तिकेत जागं व्हायला जास्तीत जास्त जेवढा वेळ दिला आहे, तेवढा थांबायचं. नव्वद मिलिसेकंद. सेकंदाचा दहावा भागही नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपण का थांबतो आहोत हे त्याने त्या ओळीच्या वरच साध्या इंग्रजीत लिहून ठेवलं. ते लिहिलं नसतं, तर पुढे कुणीतरी उत्साही माणूस ‘इथे उगाच वेळ जातो’ म्हणून ती ओळ खोडू शकला असता. मग कुणाच्या तरी घरी पडदा काळा राहिला असता आणि त्याचं कारण कुणालाच उमगलं नसतं. असे ड्रायव्हरही असतात, ज्यांत नुसत्या आकड्यांच्या रांगा असतात. आकडे चालतात, पण त्यांचा अर्थ चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कपाटात बंद असतो. कंपनीने हात वर केले की ते यंत्र पोरकं.

त्या क्रोमबुकला कंपनीकडून मिळणाऱ्या सुधारणा २०१८ मध्ये थांबल्या. पण काहीशे ओळींचा तो ड्रायव्हर लिनक्सच्या खुल्या भांडारात राहिला. म्हणून जाणत्या माणसाला आजही त्या जुन्या यंत्रावर लिनक्स चढवून त्याचा पडदा उजळवता येतो. यंत्राचं आयुष्य तांब्या-सिलिकॉनवर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच अशा लिहून ठेवलेल्या माहितीवरही असतं.

तेव्हा श्रोतेहो, पडदा काळा दिसला तर लॅपटॉप लगेच भंगारात देऊ नका. आधी बाहेरचा मॉनिटर जोडून पाहा. तिथे चित्र आलं, तर यंत्र शाबूत आहे. दोष पडद्यात असेल, तारेत असेल, मधल्या दुभाष्यात असेल, नाहीतर त्याला दिलेल्या सूचनांत असेल. आणि सूचना चुकल्या असतील, तर त्या दुरुस्त करता येतात; मात्र त्या कुणीतरी कारणासकट लिहून ठेवलेल्या हव्यात.