धाड संपल्यावर

फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी मुंबईतल्या कुंटणखान्यांवर धाडी घातल्या आणि चारशेहून अधिक मुलींना बाहेर काढलं. त्यांतल्या पुष्कळशा नेपाळच्या. त्यांची रवानगी सरकारी सुधारगृहांत झाली. नागरिकत्वाचा कागद बहुतेकींजवळ नव्हता, आणि त्यांचं सरकार त्यांना परत घ्यायला का कू करत होतं. महिनेच्या महिने गेले. शेवटी नेपाळमधल्या सात संस्था पुढे झाल्या आणि १२८ जणींना घेऊन गेल्या.

काठमांडूतही या मुली संस्थांच्या आसऱ्यालाच होत्या. पण तिथं त्यांना आपल्या हक्कांचं शिक्षण मिळालं. त्यांतल्या काहींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना काढली. २००० साली तिची नोंदणी झाली, २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आता त्या स्वतःच निवारागृह चालवतात. ज्यांना कुठं ठेवायचं हा प्रश्न होता, त्याच दुसऱ्यांना ठेवून घेऊ लागल्या!

आपल्याकडे १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे. सोडवलेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. अल्पवयीन मुलीला असा आसरा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सज्ञान बाईचं काय? सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर अशा तिघी होत्या. त्यांना वर्षभरासाठी थेट उत्तर प्रदेशातल्या संस्थेत पाठवायचा आदेश झाला होता. उच्च न्यायालयानं तो रद्द केला. सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध असं डांबता येत नाही, हे त्या निकालानं स्पष्ट झालं.

आदेशानं असो की मर्जीनं, अशा संरक्षणगृहात बाई येते तेव्हा तिची झोप उलटी झालेली असते. रात्रभर टक्क जागी, दुपारी डोळा लागतो. सकाळी सहाच्या प्रार्थनेला ती उठली नाही म्हणून वहीत शेरा मारायचा, की तिला झोपू द्यायचं? माझ्या मते घराची पारख इथंच होते. मग शिवणयंत्र येतं. शिवण वाईट नाही, पण ब्लाऊज शिवून खोलीचं भाडं निघेल का, याचा हिशेब तिच्यासमोर मांडायला हवा. आधार कार्ड, बँकेचं खातं, गावातल्या दलालाविरुद्ध साक्ष द्यायची तर सोबतीला वकील, हे सगळं ती बाहेर पडण्याआधी व्हायला हवं. नाहीतर महिनाभरात तोच दलाल दारात उभा राहतो.

अशा स्त्रियांच्या निवाऱ्यासाठी ‘उज्ज्वला’ आणि ‘स्वाधार’ या दोन सरकारी योजना एकत्र करून २०२२ पासून ‘शक्ती सदन’ योजना चालू आहे. आपल्यापैकी ज्यांचं दुकान आहे, कारखाना आहे, दवाखाना आहे, त्यांनी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना भेटून तिथल्या बाईसाठी कामाची एक तरी जागा देऊ करावी. पगार इतरांइतकाच द्यावा. आणि कामावर आलेल्या बाईला, ती आधी कुठं होती, हे कुणीही विचारू नये.