नाईक यशवंत घाडगे

१० जुलै १९४४. इटलीतलं अप्पर टायबर खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधली एक तुकडी जर्मन मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचा नायक सोडून बाकी सारे ठार वा जखमी झाले. हा नायक होता रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा, अवघ्या बावीस वर्षांचा यशवंत घाडगे.

तो एकटाच पुढे धावला. हातबॉम्बनं त्यानं मशीनगन आणि ती चालवणाऱ्याला निकामी केलं, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती. तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. ठाणं हाती आलं, पण शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश शौर्यपुरस्कार मिळाला. त्याची कबर मात्र कुठेच नाही. नाव आहे ते इटलीतल्याच कॅसिनोच्या युद्धस्मारकावर. माणगावात त्याचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्याच्या नावे छायाघड्याळाचं स्मारक उभारलं.

परका देश त्याची आठवण ठेवतो. आपल्या मुलांनाही त्याची ओळख करून द्या, ही विनंती.