मुंबईचे १८६५ सालचे दिवाळे

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली, तेव्हा कापसावाचून अडलेल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी आपला मोर्चा मुंबईकडे वळविला. भाव चढत गेले, विलायतेचा पैसा येथील पेढ्यांत येऊन पडू लागला, आणि तो सामावून घेण्याजोगे उद्योग शहरात नसल्यामुळे शेअरांच्या सट्ट्यात शिरला. समुद्र हटवून जमीन काढण्याकरिता निघालेल्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास जाऊन पोहोचला. दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द हीच बाजारात पत ठरली होती. आणि जिच्या संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसत, ती बँक ऑफ बॉम्बेही, १८६३ च्या कायद्याने निर्बंध सैल होताच, शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देऊ लागली.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला. तहाच्या अफवांनी आधीच डळमळलेला कापसाचा बाजार त्या वार्तेने पार कोसळला, आणि १ जुलै ही मुदतीच्या सौद्यांची तारीख उजाडली तेव्हा नामांकित पेढ्यांनी एकामागून एक दिवाळे काढले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ भरलेली मुंबईची वस्ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर आली.

परंतु या मंदीचा खरा हिशेब घाटावर चुकता झाला. तेजीच्या दिवसांत दख्खनच्या कुणब्याची पत वाढली होती, म्हणून सावकाराने त्यास मागेल तितके दिले. आणि १८६७ साली इंदापूर तालुक्यापासून आरंभिलेल्या फेरआकारणीत सरकारने त्याच चढ्या भावांकडे पाहून सारा वाढविला. पुढे भाव उतरले. सारा उतरला नाही, व्याजही थांबले नाही. दिवाणी अदालतीतून हुकूमनामे निघू लागले, जप्त्या आल्या, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमलेल्या लोकांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हुडकून जाळले. त्यानंतर चौकशी झाली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला.

युद्धकाळातील भाव कायमचा मानण्याची चूक व्यापारी, बँक आणि सरकार या तिघांनीही केली. तिची भरपाई मात्र, ज्याने जन्मात शेअरचा कागद पाहिला नव्हता, त्या कुणब्याला आपली जमीन देऊन करावी लागली.