पाने नव्हे, साल पाहा
(डाळिंब उत्पादकांच्या मेळाव्यातील भाषण)



डाळिंबाच्या मेळाव्यात कॅनडातील पाइनच्या जंगलाची गोष्ट कशासाठी, असे आपणास वाटेल. गेल्या महिन्यात एका बागायतदाराने वाळलेल्या डाळिंबाचे खोड माझ्या टेबलावर ठेवले. ‘पाणी दिले, खत दिले, तरी झाड गेले कसे?’ सालीवर टाचणीने टोचल्यासारखी भोके होती. असा एवढासा किडा झाड कसे मारतो, हे समजायला पाइनचे उदाहरण सोपे पडते.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकाच्या अखेरीस माउंटन पाइन बीटल या भुंगेऱ्याची साथ वाढू लागली. तिची झळ सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला पोचली, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्राला! किडा मात्र तांदळाच्या दाण्याएवढा.

मादी साल कोरून आत शिरते. झाड जोमदार असेल तर राळ सोडून तिला बाहेर ढकलते. एकटादुकटा किडा येथे हरतो. म्हणून मादी गंध सोडून इतरांना बोलावते. थोड्याच दिवसांत शेकडो भुंगेरे तुटून पडतात आणि झाडाची राळ अपुरी पडते. झाड भरले की ‘आता जागा नाही’ असे सांगणारा दुसरा गंध सुटतो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या ज्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते, तोच थर अळ्या खातात. किड्याबरोबर आलेली बुरशी लाकडात शिरून पाण्याची वाट अडवते. वरून अन्न उतरत नाही, खालून पाणी चढत नाही.

तरीही झाड कित्येक महिने हिरवेच दिसते. पाने लाल पडतात ती दुसऱ्या वर्षी. झाड पुरते लाल होईपर्यंत बहुतेक भुंगेरे शेजारच्या झाडावर गेलेले असतात. पूर्वी उणे ४० अंशांची थंडी अळ्यांचा बंदोबस्त करी. हिवाळे सौम्य झाले. शिवाय वणवे विझवत गेल्याने जुनी झाडे सलग साठली होती.

डाळिंबाचा भुंगेरा निराळा. तो लाकडात बारीक बोगदे करून त्यांत बुरशी वाढवतो आणि अळ्या लाकूड नव्हे, ती बुरशी खातात. पण अशक्त झाड हेरण्याची खोड याचीही आहे. तेव्हा बहारासाठी ताण देताना हलकी जमीन आणि आधीच रोगट झाडे लक्षात घेऊन ताण बेताचा ठेवा. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका.

बागेत फिरताना वर पाहण्याआधी वाकून जमिनीलगतचे खोड पाहा. बारीक छिद्रे आणि पिठासारखा भुसा दिसला की त्याच दिवशी झाडाला खूण करा. मेलेले झाड मुळासकट काढून जाळा. सरपण म्हणून बांधावर रचण्याची आपली सवय मला ठाऊक आहे, माझ्या घरीही तेच चाले; पण त्या ढिगातून निघालेले भुंगेरे पुन्हा आपल्याच बागेत येतात.