हसणाऱ्या घरातील नकोशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी व्यासंगी वक्त्यांची भाषणे झाली. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या कचेरीतील माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंतचे आणि पुढील सारी हयात टिपणे व मसुदे लिहिण्यात गेलेली. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवणार नाही, या भरवशावर एक अगदी घरगुती विषय निवडला आहे. ज्या घरात सारे हसतात त्या घरात हसतात तरी कोणाला, हा तो विषय. आणि वयात येणारी लेकच त्या हसण्याचे लक्ष्य झाली म्हणजे काय घडते, याचा थोडा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते एका परदेशी व्यंगचित्रमालिकेमुळे. 'फॅमिली गाय' ही ती अमेरिकन मालिका. सेथ मॅकफार्लेन हे तिचे जनक, आणि १९९९ साली ती दूरचित्रवाणीवर सुरू झाली. चित्रे हलती असली तरी ही मालिका मुलांसाठी नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ऱ्होड आयलंड या राज्यातील एका कल्पित गावातले ग्रिफिन नावाचे कुटुंब तीत आहे. आई, बाप, दोन मुलगे, माणसासारखा बोलणारा कुत्रा आणि मेग नावाची शाळकरी मुलगी. या मेगच्या वाट्याला घरात काय येते? ती बोलू लागली की तिला गप्प बसविले जाते. तिच्या रूपावर, अंगलटीवर, तिला मित्र नसण्यावर विनोद होतात. कुत्र्याला त्या घरात जो मान आहे तो मुलीला नाही. तिच्या जन्माच्या दाखल्यावर आईने ठरविलेल्या नावाऐवजी बापाने परस्पर एका खेळण्यातल्या यंत्रमानवाचे नाव लिहून टाकले, असाही एक विनोद तीत आहे. म्हणजे बारशापासूनच चेष्टेला प्रारंभ!

प्रेक्षक हसतात. विनोदाची रचनाच अशी की हसू आवरत नाही. पण ऑक्टोबर २०११ मध्ये दाखविलेल्या एका भागात ही मुलगी अखेर तोंड उघडते. आई, बाप, भाऊ यांना एकेक करून त्यांच्या वागण्याचा जाब विचारते. मग काय होते? सारे कुटुंब आपसांत भांडू लागते, एकमेकांवर दोष ढकलते, घर मोडावयास येते. ते पाहून ती मुलगी माघार घेते, आपले शब्द मागे घेते आणि पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसते. उंच इमारतीच्या माथ्यावर जशी वीज झेलणारी सळई लावतात, तशी आपण या घराची सळई आहो, साऱ्यांचे दोष आपल्यावर कोसळून जिरतात म्हणून घर उभे आहे, असे ती स्वतःच मान्य करते. विनोदी मालिकेत इतके कटू सत्य क्वचितच उच्चारले गेले असेल.

श्रोतेहो, योगायोग पाहा. त्याच ऑक्टोबर २०११ मध्ये, २२ तारखेस, आपल्या सातारा शहरात एक आगळा समारंभ झाला. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने तो घडवून आणला होता, आणि जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांनी त्यात पुढाकार घेतला होता. जिल्ह्यातील २५० हून अधिक मुली त्या दिवशी एकत्र जमल्या. त्या साऱ्या जणींचे नाव एकच होते : नकुसा किंवा नकोशी. नको असलेली, एवढाच त्याचा अर्थ. मुलीमागून मुली झाल्या की शेवटचीचे नाव नकुसा ठेवावे, म्हणजे पुढच्या खेपेस मुलगा होतो, अशी समजूत त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्या दिवशी या मुलींनी नवी नावे घेतली. कोणी सिनेतारकेचे नाव निवडले, कोणी सावित्रीसारखे पुराणप्रसिद्ध नाव पसंत केले. प्रत्येकीच्या हाती नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि फुले देण्यात आली.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरबा ही नावेही जुनी आहेत. मुले जगत नसत त्या काळी, देवाची अथवा दैवाची नजर लागू नये म्हणून आईबाप मुद्दाम दगडाचे, केराचे नाव ठेवीत. त्या ओबडधोबड नावामागे केवढी माया दडलेली असे! मूल इतके हवे होते की ते हवे असल्याचे जगाला कळू द्यावयाचे नव्हते. नकुसा या नावात असे काही दडलेले नाही. ते नाव जे म्हणते तेच त्याला म्हणावयाचे असते, आणि ते म्हटले जाते मुलीला उद्देशून असले तरी ऐकवावयाचे असते न जन्मलेल्या मुलाला.

हा केवळ खेड्यातील भाबडेपणा म्हणून आपण शहरवासीयांनी मान हलविण्याचे कारण नाही. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. असे असूनही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. त्या तपासण्या खोपटांत होत नव्हत्या. ज्यांनी मुलीचे नाव नकुसा ठेवले त्यांनी निदान तिला जन्म दिला, वाढविले, एवढे तरी त्यांच्या पदरात टाकले पाहिजे.

आमच्या नोकरीचा एक अनुभव सांगतो. केंद्र सरकारच्या सेवकास आपले नाव बदलावयाचे असेल तर रीतसर दस्तऐवज करावा लागतो, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि भारताच्या राजपत्रात ती गोष्ट प्रसिद्ध व्हावी लागते. त्यानंतर सेवापुस्तकात नवे नाव चढते. हे सोपस्कार किचकट खरे, पण त्यांना शेवट असतो. घरातल्या माणसांनी मुलीला लावलेल्या नावाचे काय? काळी, ढब्बू, घोडी, चष्मिस, मठ्ठ ही नावे कोणत्याच नोंदवहीत नसतात. त्यामुळे ती खोडून टाकावयास कोणतेही राजपत्र उपयोगी पडत नाही. मुलगी चाळिशीला पोहोचली, चांगल्या हुद्द्यावर चढली, तरी आरशापुढे उभी राहिली की तेच नाव तिला ऐकू येते.

आता कोणी म्हणेल, घरात थट्टामस्करी नको तर मग घर कशाला? आम्हांसही सुतकी चेहऱ्याची घरे आवडत नाहीत. मराठी माणसाला विनोदाचा तिटकारा असता तर आपल्या वाङ्मयाचा निम्मा आनंद गेला असता. पण आपल्या थोर विनोदकारांनी हसू कोणाकडे वळविले ते पाहावे. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. कोवळ्या वयाची मुलगी, पैशाच्या लोभाने तिला जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप, असा तो प्रसंग. नाटकात हशा भरपूर आहे. परंतु तो बोहल्यावर चढावयास निघालेल्या भुजंगनाथाला आहे, दलाली करणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताला आहे, कांचनभटाच्या हावरेपणाला आहे. शारदेला उद्देशून देवलांनी प्रेक्षकांना हसू दिले नाही. पुढे १९२९ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला, तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या आधी ३० वर्षे देवलांच्या शारदेने मराठी प्रेक्षकाचे मन तयार करावयास आरंभ केला होता.

दुसरे उदाहरण चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांचे. तेही एक विनोदी कुटुंबच. म्हातारी आई, पत्नी काऊ, मोरू, मैना, राघू ही मुले आणि जोडीला आडदांड गुंड्याभाऊ. त्या घरात फजिती रोजची; परंतु फजिती होते ती कुटुंबप्रमुखाची, आणि ती सांगतोही तोच. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही जोडी साकार केली तेव्हा घरोघरचे बाप हसले ते स्वतःला ओळखून हसले. ज्या घरात थोरला माणूस स्वतःस हसू शकतो तेथे धाकट्यांना सुरक्षित वाटते. ग्रिफिनांच्या घरात नेमके उलटे झाले आहे. तेथे सर्वांत बलवान असलेला बाप घरातील सर्वांत दुबळ्या माणसास हसतो. दोन्ही घरांतला फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

वीज झेलणाऱ्या सळईची जी उपमा आम्ही सांगितली, तिच्या जवळपास जाणारी एक म्हण आपल्याकडे आहे : लेकी बोले, सुने लागे. आपण ती सुनेच्या बाजूने ऐकतो. घटकाभर लेकीच्या बाजूने ऐकावी. सासूला सुनेचा राग आला की बोलणी खावी लेकीने. तीच गोष्ट कचेरीतून वैतागून आलेल्या बापाची, शेजारणीच्या मुलीचे गुण पाहून मनात कुढणाऱ्या आईची, परीक्षेत मागे पडलेल्या भावाची. साऱ्यांचा ताप उतरवावयास एक जागा हवी असते. मारझोड केली तर शेजारी विचारतील. थट्टा केली तर कोण विचारणार? शिवाय मुलीच्या डोळ्यांत पाणी आले तर तिलाच दोष : हिला साधी चेष्टा कळत नाही. मारलेल्याला निदान ओरडण्याची मुभा असते. थट्टा केलेल्याकडून मात्र अपेक्षा असते की त्याने सर्वांबरोबर हसावे.

आता थोडे मंडळांविषयी. फार वर्षांपूर्वी आमची बदली दुसऱ्या एका शहरात झाली असता तेथील मराठी मंडळींच्या स्नेहसंमेलनास आम्ही गेलो होतो. कार्यक्रमात शेलापागोटे होते, ज्याला आपण फिशपॉन्ड म्हणतो. निनावी चिठ्ठ्या पेटीत पडल्या होत्या. दहावीत शिकणाऱ्या एका सावळ्या मुलीच्या नावाने एक चिठ्ठी निघाली, दुसरी निघाली, तिसरीत तिची तुलना तव्याशी केलेली होती. सभागृह खदखदून हसले. मुलगी मान खाली घालून बसली. तेवढ्यात तिची आजी उठली. नऊवारीतल्या त्या वृद्ध बाई काठी टेकत रंगमंचापर्यंत गेल्या आणि सूत्रसंचालकास म्हणाल्या, "बाळा, पुढची चिठ्ठी माझ्या नावाने वाच. तिचा रंग माझ्यावरून आला आहे." पुढची चिठ्ठी वाचली गेली नाही. पेटी बंद झाली. त्या मुलीला त्या संध्याकाळी किती मलम लागले ते आम्हांस सांगता येणार नाही. पण तिने मान वर केली होती, एवढे आम्ही पाहिले.

आपण बेंगळुरूत राहतो, म्हणून एका कन्नड शब्दाची आठवण करून देतो. 'साकु' हा शब्द आपण रोज ऐकतो. पंगतीत वाढप्याला हात आडवा करून म्हणतात, साकु, म्हणजे पुरे. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे सांभाळणे, पोसणे. 'साकु मगळु' म्हणजे मायेने वाढविलेली, मानलेली लेक. मुलीला पाहून एका घरात 'पुरे' म्हणतात, दुसऱ्या घरात 'सांभाळू' म्हणतात; शब्द एकच. आणि साकम्मा नावाच्या एका बाईंनी या शहरात काय करून दाखविले ते जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. वैधव्य आल्यावर कोडगूतील कॉफीच्या मळ्यांचा कारभार त्यांनी अंगावर घेतला, बसवनगुडीत कॉफीपूड तयार करण्याचा कारखाना काढला, म्हैसूर संस्थानच्या प्रजाप्रतिनिधी सभेत त्या बसल्या, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारले. बसवनगुडीतील साकम्मा गार्डन ही वस्ती आजही त्यांचे नाव सांगते.

आता समारोप. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने अनेक संकल्प सोडले आहेत. त्यांत विनाखर्चाच्या दोन संकल्पांची भर घालावी अशी आमची नम्र सूचना आहे. पहिला, शेलापागोट्याच्या चिठ्ठीखाली लिहिणाराने आपले नाव घालावे. नाव घालावे लागले की पुष्कळ विनोद कागदावर उतरण्यापूर्वीच विरतात. दुसरा, पन्नाशीच्या आतील कोणावरही चिठ्ठी लिहू नये. पन्नाशीपुढील आम्ही पुष्कळ आहोत. आमच्या टकलावर, पोटांवर आणि लांबलेल्या भाषणांवर लिहिण्यासारखे खूप आहे, आणि मारा सोसण्याइतकी आमची कातडी सरकारी नोकरीने जाड केलेली आहे.

तिसरी गोष्ट मंडळाच्या हाती नाही, ती ज्याच्या त्याच्या घरची आहे. रात्री जेवणाच्या वेळी घरात हशा पिकला म्हणजे एकदा लेकीच्या पानाकडे पाहावे. ती आपणाबरोबर हसत आहे की आपण हसतो म्हणून हसत आहे, हे तिच्या घासावरून कळते. घास अडला असेल तर त्या आजीप्रमाणे कोणीतरी एकाने उठावे. साऱ्या घराने उठण्याची गरज नसते. एक जण पुरतो.