युरोपचा उन्हाळा आणि विद्यार्थ्याची शिदोरी



घरातील मुलगा अथवा मुलगी उन्हाळी अभ्यासक्रमासाठी दोन-अडीच महिने युरोपात जाणार असे एकदा ठरले, की घरोघरी सामानाचा खल सुरू होतो. आजी पेढ्यांचा डबा काढते, आई चटणी कुटून आणते, वडील नव्या बॅगांच्या किमती विचारीत हिंडतात. काय न्यावे याचा विचार फार होतो. कशाची तरतूद आधी करावी व काय घरीच ठेवावे याचा मात्र थोडा. आजचे माझे चार शब्द त्याविषयीच आहेत.

या विषयाशी कोल्हापूरचे नाते जुने व काहीसे हृद्य आहे. 1870 साली आपले छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडच्या प्रवासास गेले. वय अवघे वीस वर्षांचे, म्हणजे आजच्या कॉलेजातील विद्यार्थ्याचे. सोबत नोकरचाकर होते, कॅप्टन वेस्ट यांच्यासारखा अधिकारी होता. कशाची वाण नव्हती. तरी परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात त्यांचे देहावसान झाले. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने अग्निसंस्कार झाला. 1874 साली तेथे उभारलेले त्यांचे स्मारक आजही आहे, आणि जवळच्या आधुनिक पुलाला ‘भारतीयाचा पूल’ असेच नाव पडले आहे. त्यांनी प्रवासात ठेवलेली दैनंदिनी 1872 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. तात्पर्य इतकेच, की परमुलखात शरीर बिघडले असता पेटीतील वस्त्रे कामास येत नाहीत. पहिली तरतूद प्रकृतीची असावी.

हल्ली या तरतुदीचा एक भाग कायद्यानेच सक्तीचा केला आहे. शेंगेन व्हिसासाठी निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हा कागद व्हिसापुरता काढून पेटीच्या तळाशी टाकू नये. त्यावरील दूरध्वनीचा क्रमांक मुलाने व घरच्यांनी दोघांनीही लिहून ठेवावा. नेहमीची औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हाताच्या पिशवीत असावीत. चिठ्ठीत औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे. आपल्याकडील व्यापारी नाव तेथील औषधविक्रेत्यास उमगेलच असे नाही.

कागदपत्रांत हिशेब चोख हवा. या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. परतीनंतरही पासपोर्टची मुदत किमान तीन महिने उरली पाहिजे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नये. इंग्लंडचा व्हिसा निराळा. स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात असले तरी तेथील नाणे फ्रँक, युरो नव्हे.

आता कपडे. त्यांचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा मृगाच्या सरी सुरू झालेल्या असतात. तेथे एखाद्या आठवड्यात कोल्हापूरच्या वैशाखासारखे ऊन तापते, आणि पुष्कळ घरांत पंखाही नसतो. तर दुसऱ्या आठवड्यात पाऊस व गारठा. यास्तव एक जाड कोट नेण्यापेक्षा सुती कपडे, एक लोकरी स्वेटर व पावसाचे हलके जाकीट, असे एकावर एक चढविता येणारे कपडे न्यावेत. पायांत महिनाभर वापरून रुळलेले बूट असावेत. आपली कोल्हापुरी चप्पल 2025 साली मिलानच्या फॅशन प्रदर्शनामुळे जगभर गाजली खरी. पण भिजलेल्या फरसबंदीवर तिचे कातडे टिकत नाही. ती कोरड्या दिवसासाठी ठेवावी.

खाद्यपदार्थांविषयी आजीबाईंची समजूत घालावी लागेल. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांस व दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणजे पेढे, खवा, तूप, सुके मटण सारे बाद. ताजा आंबासुद्धा वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याविना चालत नाही. कांदा-लसूण मसाल्याची घट्ट बांधलेली पुडी मात्र न्यावी. परक्या चुलीवरच्या भाजीला तेवढ्यानेही घरची चव येते.

विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्टचा आहे. फक्त प्लगच्या पिना निराळ्या, म्हणून एक जोडणी बरोबर घ्यावी. पॉवर बँक विमानात हाताच्या पिशवीतच ठेवावी लागते.

बॅग भरून झाली, की ती मुलाने स्वतः उचलून घरचा जिना दोनदा चढून उतरावा. दम लागला तर सामान कमी करावे. तेथील स्टेशनावर हमाल नसतो, आणि जुन्या इमारतींत लिफ्टही बहुधा नसते.

निघण्याचा दिवसही विचाराने निवडावा. 2019 च्या ऑगस्टमध्ये व 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने महामार्ग बंद पडला होता. पावसाळ्यात कोल्हापूरकराने विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.

शेवटी एक गोष्ट, जी बॅगेत भरता येत नाही. घरचे काळजी करतील म्हणून मुले ताप लपवितात, आणि पैसे खर्च होतील म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळतात. निरोप देताना ‘नीट अभ्यास कर’ एवढेच सांगू नका. ‘बरे वाटेनासे झाले तर त्याच दिवशी आम्हांला कळव, खर्चाचा विचार आम्ही करू,’ असेही स्पष्ट सांगा. अगदीच निकड पडली तर युरोपीय संघात कोठूनही 112 या क्रमांकावर मदत मागता येते. तो पाठ करून घ्या. मूल धडधाकट परत आले, म्हणजे पेटीत काय राहून गेले होते याची आठवण कोणालाही होत नाही.