सर्व्हर म्हणजे काय, आणि तो आपल्या संगणकावर कसा चालवावा



"सर्व्हर डाऊन आहे" हे तीन शब्द आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास आतां पावसाच्या बातमीइतकेच परिचयाचे झाले आहेत. मेहकरास काय, मोताळ्यास काय, पीकविम्याचा अर्ज भरण्यास आलेला मनुष्य ते ऐकतो आणि एस. टी. चें भाडें अंगावर घेऊन परत जातो. हा सर्व्हर कोण आणि तो निजतो म्हणजे काय करतो, हें विचारण्याची सोय त्याला नसते. आमच्या माध्यमिक शाळांतील मुलामुलींनीं तरी तें विचारावें. नुसतें विचारूं नये, तर एक लहानसा सर्व्हर स्वतः चालवून पाहावा, एवढ्यासाठीं आजचें हें भाषण आहे. त्यास इंटरनेट लागत नाहीं. शाळेंतील एखादा जुना संगणक पुरतो.

सर्व्हर म्हणजे मुंबईस ठेवलेली एखादी अजस्र पेटी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो एक प्रोग्रॅम आहे. ज्या संगणकावर तो चालतो त्यासहि लोक तेंच नांव देतात, ही निराळी गोष्ट. ठराविक दारापाशीं, ज्यास पोर्ट म्हणतात, कान देऊन बसावें, मागणी आली कीं उत्तर पाठवावें, इतकेंच त्याचें काम. हें उत्तर दोन प्रकारचें असूं शकतें. आधींच लिहून ठेवलेलें पान जसेंच्या तसें देणें, हा पहिला प्रकार. जत्रेंत छापील हस्तपत्रकें वांटावीं तसा. दुसरा प्रकार तलाठ्याच्या दप्तराचा. हातानें लिहून मिळणारा सातबारा कपाटांत तयार पडलेला नसे. गट क्रमांक ऐकून, नमुना सातमधून मालकी व नमुना बारामधून पिकें उतरवून, तो मागणाऱ्यासमोर सिद्ध होई. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळूं लागला, तेव्हां क्रमांक ऐकून नेमकी नोंद हुडकण्याचें काम सर्व्हरवरील आज्ञालेखाकडे गेलें. ह्या आज्ञालेखास स्क्रिप्ट म्हणतात.

हें नीट ध्यानांत आलें म्हणजे नवशिक्यांची एक फार मोठी अडचण आपोआप उलगडते. मुलगा पीएचपी भाषेंत स्क्रिप्ट लिहितो, फाईलीवर दोनदां टिचकी मारतो, आणि ब्राउझरमध्यें एक तर कोरें पान दिसतें किंवा त्यानें लिहिलेल्या आज्ञाच उघड्या पडलेल्या दिसतात. त्याला वाटतें, आपलें गणित चुकलें. चुकलेलें कांहींच नसतें. वरच्या पत्त्याच्या चौकटींत पाहावें. तेथें आरंभीं "फाईल" हा शब्द असतो, "एचटीटीपी" नसतें. म्हणजे ब्राउझरनें कागद परस्पर कपाटांतून काढला. तलाठी वाटेंत भेटलाच नाहीं! ब्राउझरला पीएचपी वाचतां येत नाहीं. ती वाचून तिचें फळ तेवढें पुढें पाठवणारा कोणी मध्यें असावा लागतो.

ही मध्यस्थी प्रथम रूढ झाली ती १९९३ सालीं. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए संस्थेनें सीजीआय नांवाची रीत घालून दिली. सर्व्हरनें प्रत्येक मागणीसाठीं एक नवा प्रोग्रॅम सुरू करावा, मागणाऱ्याचें म्हणणें त्याच्या कानांत सांगावें, आणि तो जें बोलेल तें परत पाठवावें. मात्र प्रोग्रॅमनें बोलण्याआधीं आपण काय पाठवीत आहों त्याचा प्रकार सांगावा व एक ओळ कोरी सोडावी, असा दंडक आहे. ती एक कोरी ओळ विसरल्यामुळें "५०० इंटर्नल सर्व्हर एरर" हा शिक्का कपाळीं बसलेले प्रोग्रॅम थोडे नाहींत. पायथन भाषेबरोबर येणाऱ्या छोट्या सर्व्हरांतहि ही सोय होती. परंतु २०२४ सालच्या ३.१३ आवृत्तींत ती कालबाह्य ठरविण्यांत आली आणि सीजीआयचें सहाय्यक प्रकरण तर भाषेंतून काढूनच टाकलें. तेव्हां जुन्या पुस्तकांवरून शिकवणाऱ्या शिक्षकांनीं सावध असावें.

माझ्या मतें शाळेसाठीं पीएचपीच सोपी. रास्मस लेर्डोर्फ ह्यांनीं ती १९९५ सालीं लोकांपुढें ठेवली; मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तीहि ह्याच भाषेंत लिहिलेली आहे. २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून सर्व्हर तिच्या पोटांतच असतो. ज्या फोल्डरांत स्क्रिप्ट असेल तेथें आज्ञेची काळी खिडकी उघडावी व लिहावें: पीएचपी, मोकळी जागा, आडवी रेघ व तिला लागून मोठ्या लिपींतील एस, पुन्हां मोकळी जागा, मग लोकलहोस्ट, त्यास लागून दोन टिंबें आणि ८०००. एस मोठाच हवा; लहान एसचा अर्थ अगदीं निराळा होतो. मग ब्राउझरच्या पत्त्यांत लोकलहोस्ट, दोन टिंबें, ८००० आणि तिरप्या रेघेपुढें फाईलीचें नांव लिहावें.

पहिला प्रयोग पावसाच्या नोंदीचा करावा. एका साध्या फाईलींत दर ओळीस एका दिवसाचे मिलिमीटर लिहावे व स्क्रिप्टनें त्यांची बेरीज सांगावी. समजा, १२, ०, ३१ आणि ७ लिहिले. पानावर ५० दिसतील. खालीं ८ लिहून पान पुन्हां मागवावें, ५८ दिसतील. पानास कोणी हात लावलेला नसतो. येथें दोन खांचखळगे आहेत. फाईलींतील आंकडे इंग्रजी अंकांत लिहावे लागतात. आपले देवनागरी अंक पीएचपीच्या लेखीं आंकडेच नव्हेत. दुसरा खळगा गमतीचा आहे. "पाऊस" शब्दाची लांबी मोजावयास सांगितली तर नेहमीची आज्ञा १२ सांगते! पा, ऊ, स हीं तीन अक्षरें आपण मोजतों. यूटीएफ-८ लिपिपद्धतींत प, काना, ऊ व स असे चार घटक होतात, आणि प्रत्येकास तीन बाइट लागतात. व्याकरणाच्या तासाला हा प्रयोग अवश्य करावा.

लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, अर्थात् स्वतःचाच संगणक. बाहेरचा कोणी आंत येऊं शकत नाहीं. त्याऐवजीं ०.०.०.० लिहिलें कीं शाळेच्या जाळ्यांतील सर्वांस दार उघडें होतें. वर्गापुरतें तें ठीक. परंतु हा सर्व्हर चांचणीसाठीं आहे, जगापुढें मांडण्यासाठीं नाहीं, असें पीएचपीच्या कर्त्यांनींच बजावलें आहे.

आतां त्या तीन शब्दांकडे येतों. एका स्क्रिप्टमध्यें वीस सेकंद स्वस्थ बसण्याची आज्ञा घालावी. एका मुलीनें ती मागवावी, आणि लगेच दुसरीनें शेजारच्या संगणकावरून पावसाचें पान मागवावें. पावसाची बेरीज क्षणाची, तरीहि दुसरीचें पान येत नाहीं. कारण हा छोटा सर्व्हर मुळांत एका वेळीं एकच मागणी हातीं घेतो. मोठे सर्व्हर एका वेळीं पुष्कळ मागण्या घेतात, तथापि त्यांनाहि मर्यादा असते, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेस सगळा महाराष्ट्र एकदम दारांत येतो. दुसऱ्या मुलीस तोंपर्यंत पडद्यावर फिरतें चक्र तेवढें दिसत राहतें. विसावें सेकंद सरलें म्हणजे तिचें पान येतें.